८ मशीनवर झकास चालतं, १२० वर कोसळतं: फास्ट नेटवर्कसाठी रिलायबल मल्टिकास्ट कसं बांधायचं?

निखिल_क्लस्टर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १२० मशीनचं क्लस्टर आहे, ४ रॅक, प्रत्येक मशीनला १० गिगचं कार्ड, रॅकचे स्विच वर एका मोठ्या स्विचला जोडलेले. रोज रात्री ६० जीबीचा एकच डेटासेट सगळ्या मशीनवर गेला पाहिजे, सकाळी लोक कामाला बसायच्या आत. सध्या एका सर्व्हरवरून प्रत्येकाला वेगवेगळं टीसीपीने (पोच घेत पाठवणारी नेहमीची पद्धत) जातं, म्हणजे ७.२ टीबी त्या एकाच १० गिगच्या वायरीतून, नुसत्या हिशेबानेच ९६ मिनिटं होतात आणि प्रत्यक्षात जास्तच लागतात. म्हणून म्हटलं मल्टिकास्ट करू, सेंडरने एकदा पाठवायचं आणि स्विचने ग्रुपमधल्या सगळ्यांना प्रती द्यायच्या, वायरीवर एकदाच जाईल, कागदावर ४८ सेकंदांचं काम आहे.

मी साधा प्रोटोकॉल लिहिलाय. सेंडर यूडीपीने (पोचल्याची हमी नसलेली पद्धत) १४०० बाइटची पॅकेट ग्रुपवर टाकतो, प्रत्येकाला ३२ बिटचा नंबर, रिसीव्हरला मधला नंबर गायब दिसला की तो लगेच सेंडरला नॅक (‘हे मिळालं नाही’ असा निरोप) पाठवतो आणि सेंडर ते पॅकेट लगेच परत ग्रुपवर टाकतो. ८ मशीनवर अगदी सुरळीत चाललं. १२० वर सुरुवातीचे काही सेकंद बरे जातात आणि मग नॅकचा नुसता पूर येतो, सेंडर सगळा वेळ जुनीच पॅकेट परत पाठवत बसतो आणि स्पीड काहीशे मेगाबिटवर येऊन पडतो. नेटवर्कवाले म्हणतात स्विचवर एकही ड्रॉप नाही, काउंटर मीही पाहिले, खरंच शून्य आहेत. मग पॅकेट हरवतायत कुठे? टीसीपीसारखे अ‍ॅक (‘मिळालं’ अशी पोच) घ्यावेत का? पीजीएम आणि नॉर्म या रिलायबल मल्टिकास्टच्या दोन प्रोटोकॉलचे आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) वाचायला घेतलेत पण यातलं माझ्या कामाचं काय आणि सोडायचं काय ते कळेना.

सोपा_उपाय

भावा स्वतः प्रोटोकॉल लिहायची गरज आहे का? टोरंट लाव. ६० जीबीची फाइल, १२० मशीन, सगळे एकमेकांना तुकडे देतील, प्रत्येकाचा अपलोड वापरला जाईल, टीसीपी असल्यामुळे रिलायबिलिटी आयती. ट्विटरने २०१० च्या सुमारास हजारो सर्व्हरवर कोड पोचवायला हेच केलं होतं. आणि मल्टिकास्टच पाहिजे असेल तर यूडीपीकास्ट आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये एकदम सगळी पीसी क्लोन करतात ते त्याच्यावरच चालतं, क्लोनझिलाच्या आतसुद्धा तेच आहे.

रूपाली_बाइट

टोरंटचा सल्ला वाईट नाही, पण निखिलला समजून घ्यायचंय म्हणून मी मुळापासून लिहिते, जरा लांबेल.

पॅकेट हरवतायत ती वायरीवर नाही, रिसीव्हरच्या पोटात. आजच्या डेटा सेंटरच्या नेटवर्कमध्ये हा प्रकार फार होतो आणि स्विचच्या काउंटरवर तो कधीच दिसत नाही. लिनक्सवर यूडीपी सॉकेटचा डिफॉल्ट बफर (आलेली पॅकेट प्रोग्रॅमने उचलेपर्यंत ठेवायची जागा) बहुतेक ठिकाणी २,१२,९९२ बाइट असतो. १० गिगने डेटा येत असेल तर एवढा बफर १७० मायक्रोसेकंदात भरतो! त्यातही प्रत्येक पॅकेटमागे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःचं ओझं त्याच बफरमध्ये मोजतो, म्हणजे खरी मुदत अजून कमी. तुझा प्रोग्रॅम तेवढा वेळ सीपीयूवरून बाजूला झाला, किंवा डिस्कवर लिहिताना अडकला, की पुढची पॅकेट कर्नल सरळ टाकून देतो. नेटस्टॅट कमांडमध्ये यूडीपीच्या खाली ‘रिसीव्ह बफर एरर्स’ असा आकडा असतो तो ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर बघ. मग एथटूल कमांडने कार्डाचे काउंटर बघ, रिंग (कार्डाची स्वतःची पॅकेटची रांग) भरल्यामुळे तिथेही पडत असतील. हे दोन बघितल्याशिवाय प्रोटोकॉलला हात लावू नकोस.

आता ८ ला चालतं आणि १२० ला का कोसळतं. समज प्रत्येक मशीन १०० तलं एक पॅकेट गमावतंय आणि प्रत्येकाचं वेगळं. ८ मशीन असतील तर कुणी ना कुणी गमावलेली पॅकेट होतात साधारण ७.७ टक्के, म्हणजे तेवढी परत पाठवावी लागतील, चालून जातं. १२० मशीनला तोच हिशेब कर, १ वजा ०.९९ चा १२० वा घात, ७० टक्के येतात! म्हणजे प्रत्येकाचा लॉस फक्त १ टक्का असूनही १० पैकी ७ पॅकेट तू पुन्हा पाठवतोयस, आणि ती पाठवतोयस सगळ्या ग्रुपला, ज्या ११९ जणांना ते पॅकेट नकोय त्यांच्याही बफरमध्ये ते जाऊन पडतं, त्यांचा बफर अजून भरतो, ते अजून गमावतात, अजून नॅक येतात. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. तुझा प्रोटोकॉल कोसळतो तो इथे. आणि एकाच पॅकेटसाठी पाच जणांचे नॅक आले तर तू पाचदा पाठवतोयस का ते कोडमध्ये बघ, तुझ्या वर्णनावरून तरी तसंच दिसतंय. एकदा परत पाठवल्यावर ठरावीक वेळ त्याच नंबरचे नॅक दुर्लक्षित करायचे, हा नियम नसेल तर कुठलाच नॅकवाला प्रोटोकॉल टिकत नाही.

अ‍ॅकचं तर नावच काढू नकोस. १४०० बाइटची पॅकेट १० गिगवर सेकंदाला साधारण साडेआठ लाख जातात. १२० जणांनी प्रत्येकाला अ‍ॅक दिला तर सेकंदाला १० कोटी अ‍ॅक, आणि १० गिगच्या वायरीवर छोट्यात छोटी फ्रेम जास्तीत जास्त सेकंदाला १.४८८ कोटी बसतात. वायरीतच मावत नाहीत, प्रोसेस करणं दूरच. पिंगाली, टाऊझली आणि कुरोझ यांनी १९९४ मध्येच गणिताने दाखवलं होतं की हरवल्याची जबाबदारी रिसीव्हरवर टाकली की सेंडरचा भार खूप हलका होतो. तू नॅक घेतलास ते बरोबरच आहे, फक्त लगेच मागायचं आणि लगेच द्यायचं हे तुझ्या कामाला नकोय.

कारण तुझा डेटा फाइल आहे, लाइव्ह फीड नाही! सेंडरच्या डिस्कवर सगळी फाइल पडलेलीच आहे, त्यामुळे पीजीएममध्ये ट्रान्समिट विंडो म्हणून जी गोष्ट आहे, म्हणजे सेंडर किती जुनं पॅकेट सांभाळून ठेवणार, तो प्रश्न तुला नाहीच. आणि हरवलेलं पॅकेट दोन मायक्रोसेकंदात आलं काय आणि दोन मिनिटांनी आलं काय, तुला फरक पडत नाही. म्हणून राउंड कर. पहिल्या राउंडमध्ये ठरलेल्या स्पीडने सगळी फाइल सोड, कुणाचं काही ऐकू नकोस. ६० जीबीची १४०० बाइटने ४ कोटी २८ लाख पॅकेट होतात, प्रत्येकाला एक बिट धरलास तर रिसीव्हरकडचा पूर्ण नकाशा ५.४ एमबीत बसतो. राउंड संपला की प्रत्येकाने आपापला नकाशा टीसीपीने द्यायचा, सेंडरने सगळे एकत्र करून कुणालाही हवी असलेली पॅकेट दुसऱ्या राउंडमध्ये सोडायची.

निखिल_क्लस्टर

रूपाली ताई, मानलं. बघितलं आत्ता, रिसीव्ह बफर एरर्सचा आकडा प्रत्येक मशीनवर लाखांत आहे, कार्डाच्या रिंगमध्ये मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणजे चोर सापडला. एक शंका, राउंड केले तरी त्या १ टक्का लॉसला दुसऱ्या राउंडमध्ये ७० टक्के फाइल पुन्हा जाईल ना? मग फायदा काय झाला?

रूपाली_बाइट

बरोबर पकडलंस, म्हणून एफईसी, म्हणजे हरवलेलं भरून काढता येईल अशी जादा पॅकेट पाठवायची. ६४ पॅकेटचा एक ब्लॉक धर आणि त्यावरून काही पॅरिटी (जादा) पॅकेट काढ, रीड-सॉलोमन नावाच्या गणिती पद्धतीने. यातली गंमत अशी की ब्लॉकमधली कुठलीही ६४ पॅकेट हातात आली की ब्लॉक पूर्ण होतो. एका मशीनचं ७ नंबरचं गेलं, दुसऱ्याचं ४१ नंबरचं, तिसऱ्याचं १९ चं, तरी एकच पॅरिटी पॅकेट तिघांचं काम करतं. त्यामुळे रिसीव्हरने कुठलं हरवलं ते सांगायचंच नाही, फक्त या ब्लॉकमध्ये किती कमी पडली तेवढं सांगायचं, आणि सेंडरने सगळ्यांतला मोठ्यात मोठा आकडा घेऊन तेवढीच पॅरिटी सोडायची. १ टक्का लॉस आणि १२० मशीन धरून हिशेब कर, ६४ च्या ब्लॉकमागे सगळ्यात वाईट मशीनची साधारण ३-४ पॅकेट गेलेली असतात. म्हणजे ७० टक्क्यांऐवजी ५-६ टक्केच जास्तीचं. नॉनेनमाखर, बीअरझाक आणि टाऊझली यांचा १९९७ चा पेपर याच्यावरच आहे आणि नॉर्म, म्हणजे आरएफसी ५७४०, याच कल्पनेवर उभा आहे. तुझ्या कामाला पीजीएमपेक्षा नॉर्म जवळचा.

फक्त एक काळजी घे. हा हिशेब पॅकेट सुटी सुटी हरवतात असं धरून आहे. बफर भरल्यावर मात्र सलग पन्नास-शंभर जातात, अख्खा ब्लॉकच उडतो. म्हणून पाठवताना एका ब्लॉकची पॅकेट सलग न सोडता बऱ्याच ब्लॉकमधलं एक एक अशी मिसळून सोड. रीड-सॉलोमनचं गणित सीपीयूला झेपेल का ही भीती आता बाळगू नकोस, इंटेलची आयएसए-एल लायब्ररी वापरलीस तर अडचण तिथे येणार नाही.

जुनानेटवर्की

चर्चा छान चालली आहे, थोडी माझी भर. रूपालीने फाइलबद्दल सांगितलं ते शंभर टक्के पटतं, पण शीर्षकात फास्ट नेटवर्कसाठी रिलायबल मल्टिकास्ट असं म्हटलंय तर लाइव्ह डेटावाल्यांसाठी पण लिहिलं पाहिजे, इथे वाचणारे बरेच जण ट्रेडिंगवाल्या कंपन्यांत आहेत.

या विषयात जितके प्रोटोकॉल झाले ते सगळे शेवटी एकाच प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर आहेत, मागे पडलेल्यासाठी कोण थांबणार? स्टीव्ह डिअरिंगने १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये आयपी मल्टिकास्टची मांडणी केली त्यात सेंडरला रिसीव्हर कोण आणि किती हे माहीतच नसतं, तिथेच तिची ताकद आहे आणि डोकेदुखीही तीच. टीसीपीमध्ये सेंडर एकासाठी थांबतो. इथे हजारातल्या एकासाठी थांबलास तर ९९९ जणांवर अन्याय, नाही थांबलास तर त्या एकाला रिलायबल म्हणून जे वचन दिलंस ते मोडलं. हे आधी ठरवल्याशिवाय पॅकेटचा हेडर कसा असावा यावर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९५ मध्ये फ्लॉइड, जेकबसन वगैरे मंडळींनी एसआरएम आणला, शेअर्ड व्हाइटबोर्डसाठी. त्यात कुणीच कुणासाठी थांबत नाही, ज्याचं हरवलं त्याने मागायचं आणि ज्याच्याकडे असेल त्या कुणीही द्यायचं. नॅकचा पूर येऊ नये म्हणून मागण्याआधी प्रत्येकाने रँडम वेळ थांबायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याने तेच मागितलेलं ऐकू आलं तर आपण गप्प बसायचं. पंगतीत शेजारच्याने वरण मागितलं की वाढपी आपल्याही पानाशी येणारच, आपण वेगळी हाक मारत नाही, तसं. हा थांबायचा वेळ सेंडरपासूनच्या अंतराच्या पटीत असतो, त्यामुळे जवळचा आधी बोलतो. इंटरनेटवर हे सुंदर चालतं. पण डेटा सेंटरमध्ये जाऊन यायलाच दहा-वीस मायक्रोसेकंद लागतात आणि प्रोग्रॅमला जाग यायला त्याहून जास्त, तिथे टायमर इतका बारीक धरता येत नाही आणि मोठा धरला तर लाइव्ह डेटावाला वाट बघत बसतो. दाबून ठेवायचं म्हटलं की उशीर होणारच.

बेल लॅब्जच्या आरएमटीपीने दुसरी वाट धरली, रिसीव्हरांचं झाड करायचं आणि प्रत्येक फांदीवर एक मुकादम नेमायचा, बाकीच्यांनी त्यालाच सांगायचं आणि त्याच्याकडूनच घ्यायचं. निखिल, तुझे ४ रॅक आहेत तर हे तुला आयतं आहे. प्रत्येक रॅकमधलं एक मशीन नेम, रॅकमधल्या बाकीच्यांनी हरवलेलं त्याच्याकडे मागावं, सेंडरला फक्त चौघांचं ऐकायचं. हे एफईसीच्या जोडीने पण चालतं. पीजीएम, २००१ चा आरएफसी ३२०८, यात हेच काम राउटरकडे दिलं, राउटर नॅक मिळाल्याची पोच खालच्यांना देतो आणि वर एकच नॅक पाठवतो. कल्पना फार चांगली, पण त्यासाठी मधल्या प्रत्येक राउटरने पीजीएम समजून घ्यायला हवं आणि ते सरसकट कधी झालं नाही. राउटर साधे ठेवून शहाणपण टोकांना ठेवलं तरच प्रोटोकॉल टिकतो असं माझा अनुभव सांगतो.

आणि शेअर बाजाराने हा प्रश्न अगदी रोखठोक सोडवलाय, कुणासाठीच थांबायचं नाही. नॅसडॅक या अमेरिकी एक्सचेंजचा मोल्डयूडीपी६४ प्रोटोकॉल बघा, पॅकेटमध्ये सेशनचं नाव, ६४ बिटचा नंबर आणि मेसेज किती एवढंच, हरवलं तर वेगळ्या सर्व्हरकडे मागायचं, तो फक्त मागणाऱ्यालाच देतो, मुख्य फीड कुणासाठी अडत नाही. वर तोच डेटा ए आणि बी अशा दोन स्वतंत्र लाइनवर येतो, एकीवर हरवलेलं बहुतेक वेळा दुसरीवर मिळून जातं, मागायची वेळच क्वचित येते. ६४ बिटचा नंबर चैन म्हणून नाही, छोटी पॅकेट १० गिगवर पूर्ण वेगाने सोडली तर ३२ बिटचा नंबर ५ मिनिटांच्या आत संपून पुन्हा शून्यावर येतो.

आपल्या मुंबईत एनएसईचं टिक-बाय-टिक (प्रत्येक ऑर्डर-सौद्याची माहिती देणारं) फीड आधी टीसीपीवर होतं, म्हणजे सर्व्हर एकेका कनेक्शनला क्रमाने पाठवणार, ज्याचं कनेक्शन रांगेत पुढे त्याला आधी मिळणार. २०१४ पासून ते मल्टिकास्टवर आणलं. को-लोकेशनच्या (दलालांचे सर्व्हर एक्सचेंजच्याच जागेत ठेवण्याच्या) प्रकरणात सेबीने २०१९ ला जे आदेश काढले त्यात ही तांत्रिक बाजू सविस्तर आहे, नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येकाने तेवढा भाग तरी वाचावा. मल्टिकास्टमध्ये एकाच पॅकेटच्या प्रती स्विच स्वतः काढतो म्हणून सगळ्यांना जवळपास एकाच वेळी मिळतं, हा मुद्दा स्पीडइतकाच, खरं तर त्याहून महत्त्वाचा आहे.

सोपा_उपाय

हे भारी लिहिलंत सर. पण स्पीड ठरवायचा कसा? रूपाली म्हणते ठरलेल्या स्पीडने सोड, तो ठरलेला म्हणजे किती? टीसीपीसारखं आपोआप कमी-जास्त नको का व्हायला?

जुनानेटवर्की

त्याचे प्रोटोकॉल आहेत. टीएफएमसीसी, आरएफसी ४६५४, आणि पीजीएमसीसी, दोन्हीत सगळ्यात मागे असलेला रिसीव्हर हुडकायचा आणि फक्त त्याच्या हालावरून सेंडरने स्पीड ठरवायचा. मोकळ्या इंटरनेटवर हे असलंच पाहिजे, नाहीतर बाकीच्यांचं टीसीपी उपाशी मरेल. स्वतःच्या बंद क्लस्टरमध्ये मात्र ठरावीक स्पीड आणि नीट पेसिंग पुष्कळ झालं. पेसिंग म्हणजे ४ गिग म्हणताना दर सेकंदाची सरासरी ४ नाही, पॅकेटमागून पॅकेट सारख्या अंतराने गेलं पाहिजे. एक मिलिसेकंद पूर्ण १० गिगने मारा आणि मग आराम असं केलंस तर सरासरी ४ दिसेल आणि बफर मात्र प्रत्येक माऱ्याला भरेल.

पण आधी स्पीड किती याचं उत्तर डिस्ककडे आहे असा मला दाट संशय आहे. निखिल, डिस्क कुठल्या आहेत?

निखिल_क्लस्टर

साटा एसएसडी आहेत सगळीकडे. आणि हो सर, रिसीव्हरमध्ये पॅकेट घेणारा आणि फाइलमध्ये लिहिणारा थ्रेड एकच आहे.

रूपाली_बाइट

मग सुटलंच कोडं. साटाची वरची मर्यादाच सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, आणि १० गिग म्हणजे सेकंदाला १२५० एमबी. सुरुवातीचे काही सेकंद बरे जातात म्हणालास ना, तेवढा वेळ लिनक्स सगळं मेमरीत घेत असतो. ते साचत गेलं की कर्नल लिहिणाऱ्याला अडवतो, आणि तुझा लिहिणारा तोच घेणारा, त्यामुळे सॉकेटकडे बघायला कुणीच नाही. १२० मशीन, प्रत्येकाची अडायची वेळ वेगळी, म्हणून हरवलेली पॅकेटही वेगवेगळी. मल्टिकास्टसाठी यापेक्षा वाईट लॉस नाही.

घेणारा थ्रेड वेगळा कर, त्याने एका कोअरवर बसून फक्त सॉकेट रिकामं करायचं, एकदम बरीच पॅकेट उचलणारा रिसीव्ह कॉल वापरून, आणि मध्ये मेमरीत काही जीबीची रिंग ठेवून दुसऱ्या थ्रेडने डिस्कवर मोठमोठे तुकडे लिहायचे. सॉकेटचा बफर ६४ एमबी कर, त्यासाठी कर्नलची वरची मर्यादाही वाढवावी लागेल. आणि स्पीड ३.५ गिग ठेव, म्हणजे सेकंदाला ४३७ एमबी, डिस्कला झेपेल. ६० जीबीला १३७ सेकंद. ४८ सेकंदांचा हट्ट सोड, तुला ९६ मिनिटांपासून अडीच मिनिटांवर यायचंय.

निखिल_क्लस्टर

थ्रेड वेगळे करून, बफर वाढवून, ३.५ गिगवर चालवलं. अजून एफईसी घातलेलं नाही, नुसते राउंड. पहिल्या राउंडनंतर बहुतेक मशीनचा नकाशा पूर्ण भरलेला आला! दुसरा राउंड काही सेकंदांत संपला. दोन मशीन मात्र हट्टी आहेत, त्यांच्या डिस्क जुन्या झाल्यात वाटतं, तिसऱ्या-चौथ्या राउंडलाही त्यांचं बरंच बाकी राहतं आणि त्यांच्यामुळे बाकी ११८ जण ग्रुपवर ताटकळतात. त्यांचं काय करू?

जुनानेटवर्की

हाच तो मागे पडलेला, क्राइंग बेबी म्हणतात त्याला. नियम आधीच लिहून ठेव, दोन राउंडनंतर ज्याचं ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त बाकी असेल त्याला ग्रुपमधून काढायचं आणि उरलेलं टीसीपीने त्याच्या स्पीडने द्यायचं. दोन मशीनला टीसीपीने द्यायला सर्व्हरला काही जड नाही. रात्री मध्येच रीबूट झालेलं मशीनही याच दाराने आत येईल, त्याच्यासाठी वेगळा कोड लिहू नकोस.

आणि स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (ग्रुपमध्ये कोण आहे ते स्विचने टिपून ठेवणं) चालू आहे का, त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) क्वेरियर (‘ग्रुपमध्ये कोण आहे’ असं अधूनमधून विचारणारा) कोण आहे, हे नेटवर्कवाल्यांना आत्ताच विचार. क्वेरियर नसेल तर काही मिनिटांनी स्विच मेंबरशिप विसरतो आणि फीड अचानक बंद पडतं. तुझं अडीच मिनिटांत संपतं म्हणून आज दिसणार नाही, डेटासेट मोठा झाला की दिसेल.

रूपाली_बाइट

अजून एक राहिलं. नकाशा पूर्ण भरला म्हणजे फाइल बरोबर आली असं धरू नकोस, यूडीपीचा चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) १६ बिटचा आहे आणि तो डिस्कवर चुकीच्या जागी लिहिलेलं पकडत नाही. प्रत्येक १ जीबीच्या तुकड्याचा एसएचए-२५६ (डेटाच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) सेंडरने आधीच काढून टीसीपीने सगळ्यांना दे, रिसीव्हरने डिस्कवरून पुन्हा वाचून ताडून बघायचं, जुळला नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा मागायचा. ते जुळलं की मगच नव्या डेटासेटचं नाव जुन्याच्या जागी लाव.